मागची सीट

बुलेट विकायची जाहिरात अस्मिताने हडपसरच्या आपल्या घरी बसून मोबाइलवर टाकली खरी, पण आलेल्या गिऱ्हाइकांना वाटेला लावायचं काम तिच्या वडिलांनी, म्हणजे श्रीनिवासरावांनी, स्वतःकडे घेतलं. ते त्यांना उत्तम जमत होतं. एकाने विचारलं, सायलेन्सर बदलून आवाज मोठा करता येईल का. "येईल की. पुढे ढोलताशाही लावून घ्या," असं म्हणून त्यांनी त्याला जिना दाखवला. दुसऱ्याने ॲव्हरेज किती देते म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "देत नाही, काढून घेते." तो बिचारा चहा न घेताच गेला. पोटची मुलगी द्यायची असावी तसे श्रीनिवासराव प्रत्येकाला आपादमस्तक न्याहाळत आणि नापास करत.

"अशाने गाडी आपल्या तेराव्यालाच विकली जाईल," पद्मजा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मग जेवणाचा खर्च तरी निघेल," श्रीनिवासराव बाहेरून म्हणाले.

नवरा-बायकोचं बोलणं हे असं. धायरीच्या त्या सोसायटीत सगळ्यांना ते माहीत होतं आणि लोकांना गंमत वाटायची. मूळचे दोघंही शनिवार पेठेतले. घर पेठेतून धायरीला आलं, पण जिभा तिथल्याच राहिल्या.

श्रीनिवासराव विमा कंपनीत होते. ऑफिसात मान खाली घालून काम करणारा माणूस, पण थंडी पडली की त्यांच्या अंगात यायचं. रजा टाकायची, बुलेटच्या कॅरिअरवर बॅग आवळायची आणि एकट्याने निघायचं. कच्छचं रण, बिकानेर, रामेश्वर, एका उन्हाळ्यात तर थेट स्पिती. बरोबर कोणी नको. ग्रुपने जाणाऱ्यांना ते 'वरात' म्हणत. एकट्याने जाण्यात जे सुख आहे ते दुसऱ्याला सांगताच येत नाही, असं ते भेटेल त्याला सांगत.

एक नियम मात्र होता. संध्याकाळी मुक्कामाला गाडी लावली की हेल्मेट काढायच्या आधी घरी फोन.

"पोचलो."

"बरं."

की फोन बंद. इतक्या वर्षांत त्या बोलण्यात तिसरा शब्द आला नाही. लॉजवरच्या इतर माणसांना बायका विचारत, जेवलात का, स्वेटर घातलात का, खोली स्वच्छ आहे का. श्रीनिवासराव ते ऐकत आणि बूट काढत बसत. मित्रांना ते ऐटीत सांगायचे, आमच्या हिला काही पडलेलं नसतं, म्हणून तर सुखाने फिरता येतं. सांगताना हसायचेही. पण कोरड्या चपातीसारखा तो 'बरं' त्यांच्या घशात अडकायचा, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

यंदा थंडी पडली आणि श्रीनिवासराव घरातच होते. उजवा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी आधी ॲक्सिलरेटरला दोष दिला, मग थंडीला, मग वयाला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि गाडी बंद करा म्हणाले. श्रीनिवासरावांनी ते ऐकल्यासारखं केलं. पण खंडेनवमीला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून पार्किंगमध्ये वळवत असताना ती त्यांच्या हातून निसटली आणि हारासकट आडवी झाली. वॉचमन धावत आला, दोघांनी मिळून उभी केली. वर पाहिलं तर गॅलरीत पद्मजा उभी. ती एक शब्दही बोलली नाही. पद्मजा बोलली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे श्रीनिवासरावांना डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षाही तेव्हा जास्त कळलं.

तर गाडी जाणार, हे ठरलं. ते त्यांनी मनाने मान्यही केलं होतं, म्हणजे करायला दुसरं काही नव्हतं म्हणून. पण एक गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली होती. एवढा देश पालथा घातला, आणि पद्मजा त्या गाडीवर एकदाही बसली नव्हती. गाडी जायच्या आत तिला एकदा, फक्त एकदा, मागे बसवून खडकवासल्याच्या धरणापर्यंत तरी न्यायचं. पहाटे, रस्ता मोकळा असताना, सायकलच्या वेगाने. मग खुशाल कोणीही घेऊन जावी.

आता कोणी म्हणेल, मग विचारायचं की. घरातच तर आहे बायको. पण विचारण्यातच सगळं घोडं अडलेलं होतं, आणि ते आजचं नव्हतं.

गाडी आणली तो पाडव्याचा दिवस होता. पद्मजा जरीची साडी नेसून पूजेचं ताट घेऊन खाली आली, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. सोसायटीची दहा माणसं जमली होती. मागची सीट अजून दुकानातल्या प्लॅस्टिकमध्येच होती. श्रीनिवासराव गाडीवर बसले आणि, जरा लाजतच, म्हणाले, "बसतेस का?"

पद्मजा म्हणाली, "मागे बसून तुमची पाठच बघायची ना? ती मी घरात रोज बघते."

लोक खदखदून हसले. श्रीनिवासरावही हसले. पण आत काहीतरी लागलं. त्यांनी एकट्यानेच गाडीवरून चक्कर मारली, परत आले, पाना घेतला आणि सीट सोडवून वर नेली. माळ्यावर टाकताना पद्मजाने स्टूल धरलं होतं. ती तेव्हा भाजीला निघाली होती, एवढं त्यांना आठवत होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सीटच्या जागी लोखंडी कॅरिअर बसवून घेतलं. विषय संपला.

खरं तर स्वतः पेठेतल्या माणसाला हे कळायला हवं होतं. आमच्याकडे 'नाही' म्हणायच्या आधी टोमणा मारतात आणि 'हो' म्हणायच्या आधीही टोमणाच मारतात. ऐकणाऱ्याने जरा थांबायचं असतं. श्रीनिवासराव जगाचे टोमणे ओळखायचे, स्वतःच्या बायकोचा तेवढा त्यांनी शब्दशः घेतला.

शनिवारी संध्याकाळी शेवटी त्यांनी धीर केला. दुसऱ्या दिवशी दुपारी खराडीहून कोणी मुलगी गाडी बघायला येणार होती. चहा घेता घेता, पेपरात बघत, ते म्हणाले, "उद्या सकाळी दूध आणायला गाडीवरून जाऊ या का?"

पद्मजाने त्यांच्या हाताकडे पाहिलं. कप बशीवर वाजत होता.

"तुमच्या हातून कप बशीपर्यंत पोचत नाही," ती म्हणाली, "मला कुठे पोचवणार?"

"ते खरंच," श्रीनिवासराव म्हणाले आणि त्यांनी पेपराचं पान उलटलं. ते पान त्यांनी आधीच वाचलेलं होतं.

रविवारी सकाळी उठून बाहेर आले तर पद्मजाचा चहा झालेला. ती अस्मिताने दिवाळीत आणलेला राखाडी पंजाबी ड्रेस घालून दिवाणखान्यात खुर्चीवर बसली होती. हातात भाजी नाही, पेपर नाही, फोन नाही. तिचं असं रिकामं बसणं त्यांना नवीन होतं. बाहेरची मुलगी येणार म्हणून आवरून बसली असेल, असं त्यांना वाटलं. दूध त्यांनी चालत जाऊन आणलं. परत आले तरी ती तिथेच. घरात कसलंतरी अवघडलेपण भरून राहिलं होतं आणि ते त्यांना सोसवेना. त्यांनी खराडीच्या मुलीला फोन लावला. "दुपारी कशाला थांबता, आत्ताच या," म्हणाले. एकदाची गाडी जाऊ दे.

पद्मजाने ते ऐकलं, उठली आणि आत गेली.

मुलगी तासाभरात आली. मुक्ताई तिचं नाव, मूळची कळंबची, खराडीत सॉफ्टवेअरमध्ये. मैत्रिणीने सोडलं होतं तिला, हातात स्वतःचं हेल्मेट. श्रीनिवासरावांनी सवयीने परीक्षा सुरू केली.

"ग्रुपने फिरता का?"

"नाही काका, सोलोच. ग्रुपमध्ये लई ड्रामा असतो. लास्ट इयर हंपी केलं, बदामी केलं. एकटीच."

तिने गाडीला आधी हात लावला नाही. भोवती फिरली, मग खाली बसून चेन बोटाने उचलून पाहिली. "चेन ढिली पडलीय, काका."

"माहीत आहे," श्रीनिवासराव म्हणाले. ती ओढायला त्यांच्या बोटांत आता जोर राहिला नव्हता. मुलगी पास झाली होती. पास झाली याचं त्यांना बरं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"फक्त एक प्रॉब्लेम आहे," मुक्ताई म्हणाली. "मागं कॅरिअर आहे. मला सीट पाहिजे होती. आई म्हणती, एकटीच हिंडतीस सगळीकडं, मला बी ने की एकदा तुळजापूरला. तिला बसवायचंय."

श्रीनिवासराव तिच्याकडे वळले.

"मागितलं तिने? असं सरळ?"

"मग? आई हाय माझी," मुक्ताई हसून म्हणाली. "न मागून कसं कळणार मला?"

"सीट आहे," श्रीनिवासराव म्हणाले. "माळ्यावर. आणतो."

वर येऊन त्यांनी स्टूल घेतलं, तर पद्मजाने ते हातातून काढून घेतलं. "तुम्ही नका चढू. धरा," म्हणाली. त्यांनी धरलं. स्टूल त्यांच्या हाताबरोबर थरथरत होतं आणि ती वर उभी होती. माळ्यावरच्या जुन्या पातेल्यांमागे हात घालून तिने एकदम सीट बाहेर काढली. शोधावी लागली नाही.

"जपून, धुळीने माखली असेल," श्रीनिवासराव म्हणाले.

धूळ नव्हती. वरचं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं, पण स्वच्छ होतं, आणि खाली काळं रेक्झिन दुकानातून काल आणल्यासारखं.

"दर दिवाळीला पुसते," पद्मजा खाली उतरत म्हणाली.

"कशाला?"

"तुम्ही माळ्यावर टाकलीत. मी टाकली नव्हती."

"तुलाच नको होती ती," श्रीनिवासराव म्हणाले, आणि इतक्या वर्षांचं ते भसकन बाहेर आलं. "चारचौघांत म्हणालीस, तुमची पाठ घरात रोज बघते."

"म्हणाले."

"मग?"

"मग वर आले. साडी बदलली. जरीची साडी नेसून मोटारसायकलवर कशी बसणार? ड्रेस घालून बाहेर आले, तर तुम्ही स्टुलावर. मला म्हणालात, धर. मी धरलं."

श्रीनिवासरावांना तो ड्रेस दिसला. हिरवा होता. तेव्हाही दिसला होता.

"तू भाजीला निघाली होतीस," ते म्हणाले.

"अहो, पाडवा होता. सकाळीच श्रीखंड-पुरीचा स्वयंपाक झाला होता. मी कशाला भाजीला जाते? तुम्ही विचारलंत कुठे निघालीस, तर काहीतरी सांगायला हवं होतं. जिना उतरून खाली गेले, मारुतीच्या देवळापर्यंत चालत गेले आणि परत आले. पिशवी रिकामीच होती. तेही तुम्ही पाहिलं नाहीत."

खालून मुक्ताईने गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

"बोलायचंस की गं," श्रीनिवासराव म्हणाले. "एवढ्या वर्षांत एकदा तरी."

"तुम्हीही एकदा विचारायचंत. दुसऱ्यांदा."

"काल विचारलं ना. तू कपबशी काढलीस."

"तोंडाने काढली." पद्मजाने पाय जरा पुढे केला. "आणि हे?"

पायात बूट होते. घरात, सकाळपासून. फिरायला जायचे तिचे पांढरे बूट, नाडी घट्ट बांधलेली. दूध आणायला ते एकटेच चालत गेले तेव्हाही ती हे बूट घालून खुर्चीत बसलेली होती.

श्रीनिवासराव स्टुलावर बसले. उजवा हात मांडीवर उड्या मारत होता, तो त्यांनी डाव्या हाताने दाबून धरला. "मला धरवत नाही आता," ते म्हणाले. "नेलं असतं तुला, पण पडलो असतो."

"पडलो असतो तर दोघं पडलो असतो," पद्मजा म्हणाली. मग तिने सीट उचलली आणि प्लॅस्टिक टराटरा फाडून काढलं. "चला. मुलगी खोळंबलीय."

खाली कॅरिअर निघालं आणि सीट बसली. मुक्ताईने दोन्ही बोल्ट आवळले, वरून थापटून पाहिलं आणि म्हणाली, "मागं वजन घेऊन कशी चालती ते बघायला पाहिजे. काकू, येता का? धरणाकडं जाऊन येऊ."

पद्मजाने श्रीनिवासरावांकडे पाहिलं. तिची नजर त्यांना पहिल्यांदाच नीट वाचता आली. तिला हो म्हणायचं होतं, आणि या मुलीला म्हणायचं नव्हतं.

"जा," ते म्हणाले. तो शब्द म्हणायला त्यांना स्पितीच्या घाटापेक्षा जास्त बळ लागलं. "माझं हेल्मेट घाल."

हेल्मेट तिच्या डोक्यावर त्यांनी ठेवलं. हनुवटीखालचा पट्टा लावायला गेले, पण बकल सापडेना, बोटं तिच्या गळ्यापाशी नुसती आपटत राहिली. ती मान वर करून उभी राहिली. शेवटी मुक्ताईनेच पुढे होऊन पट्टा लावला. पद्मजा मुलीच्या खांद्याला धरून मागे बसली. बसल्यावर सीटच्या कडेवरून तिने हात फिरवला, दिवाळीला फिरवायची तसाच असावा.

गाडी फाटकाबाहेर गेली. आवाज ओळखीचा होता, लांब जाताना मात्र त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. ते नेहमी त्याच्याबरोबर जात.

वर येऊन श्रीनिवासराव गॅलरीत उभे राहिले. मग आत आले. मग पुन्हा गॅलरीत. रविवारचा सिंहगड रस्ता, म्हणजे गडावर निघालेल्या पोरांच्या भरधाव गाड्या. नांदेड फाट्याला सिमेंटचे ट्रक वळतात. किरकिटवाडीच्या पुढे रस्त्यावर बारीक खडी असते, मागे नवखं माणूस असलं की तोल जातो, आणि तिने मुलीला नीट धरलं आहे की लाजून नुसती सीटची कड पकडून बसली आहे? त्यांना देशातल्या सगळ्या रस्त्यांची माहिती होती, आणि त्या माहितीतून आता नुसते अपघात दिसत होते. ते पाणी प्यायले. घड्याळाकडे पाहिलं. गॅस बंद आहे ना बघायला स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तिने कणीक भिजवून झाकून ठेवली होती.

त्या स्वयंपाकघरात उभं असताना त्यांच्या लक्षात आलं की फोन इथेच असायचा. आधी भिंतीवरचा, मग तिचा मोबाइल, फ्रिजवर. ते रणातून, घाटातून, समुद्रावरून बोलायचे तेव्हा ती इथे, या फरशीवर उभी असायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दर थंडीला. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी कधी इथे उभं राहून पाहिलं नव्हतं.

फोन वाजला तेव्हा त्यांच्या हातून तो पडता पडता वाचला.

"पोचले," पद्मजा म्हणाली.

मागे वारा होता, खूप वारा, आणि मुलगी कोणाशी तरी हसत होती. पद्मजाचा श्वास लागलेला. त्या एका शब्दात ती इतकी खूश होती, आणि इतकी त्यांच्यापासून लांब.

श्रीनिवासरावांना पुष्कळ विचारायचं होतं. थंडी वाजली का? पाठ दुखली का? पाणी दिसतंय का, निळं आहे का? मी असतो तर कुठे थांबलो असतो ते सांगू का? सगळं एकदम ओठांवर आलं, तशी त्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले. तिच्या पाठीमागे वारा वाजतच होता. ती वाट पाहत होती.

"बरं," श्रीनिवासराव म्हणाले, आणि पलीकडून फोन बंद झाला.